सौम्य उच्च रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी थोडंसंच वाढलंय, डॉक्टरांनी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असं बीटा ब्लॉकर गटातलं औषध लिहून दिलंय, आणि कुणीतरी म्हणालं की "ही जुनी गोळी, आता कुणी देत नाही." त्यानंतर मनात येणारे बहुतेक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं वाचून गोळीत परस्पर बदल करू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय विचारायचं, हे मात्र त्यातून नक्की ठरवता येईल.

"सौम्य" म्हणजे नेमकं किती?

बहुतेक ठिकाणी वरचा आकडा 140 ते 159 किंवा खालचा 90 ते 99 असेल, तर त्याला सौम्य किंवा पहिल्या पायरीचा उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेत 2017 पासून ही रेषा खाली ओढली गेली आणि 130/80 पासूनच पहिली पायरी धरली जाऊ लागली. त्यामुळे एकच माणूस एका मार्गदर्शिकेत रुग्ण ठरतो आणि दुसरीत ठरत नाही.

हे आकडे दवाखान्यातल्या मोजणीचे आहेत. घरी मोजत असाल तर सरासरी 135/85 च्या वर गेली की वाढलेलं समजतात. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता, आणि वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. दवाखान्यात शिरताच बीपी चढणारे लोक पुष्कळ असतात. एकाच मोजणीवर कुणाला जन्मभराची गोळी चिकटवणं मला पटत नाही.

बीटा ब्लॉकर शरीरात नक्की काय करतात?

अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं हृदयातल्या बीटा ग्राहकांना (पेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या जागांना) जाऊन चिकटली की ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरात पडतो. बीटा ब्लॉकर त्या ग्राहकांवर आधीच जागा अडवून बसतात. परिणामी नाडी मंदावते, हृदयाचा जोर कमी होतो. शिवाय मूत्रपिंडातून रेनिन कमी सुटतं, आणि रेनिनपासून सुरू होणारी रक्तवाहिन्या आवळण्याची साखळीही ढिली पडते.

ही औषधं मुळात बीपीसाठी शोधलेली नव्हती. जेम्स ब्लॅक यांना छातीतल्या कळेवर, म्हणजे अंजायनावर, इलाज हवा होता. हृदयाला प्राणवायू जास्त पुरवता येत नसेल तर त्याची मागणीच कमी करू, हा त्यांचा विचार. त्यातून 1960 च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं. बीपीही उतरतं हे वापरताना लक्षात आलं. ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण म्हणजे पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच येते: हृदयाच्या दुखण्यात हे औषध जितकं शोभतं, तितकं नुसत्या बीपीत शोभत नाही.

बीपी तर उतरतं. मग पहिली गोळी म्हणून हीच का नको?

कारण दंडावरचा आकडा उतरवणं हे साधन आहे. खरा उद्देश पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू टाळण्याचा आहे, आणि तिथे बीटा ब्लॉकर इतर गटांच्या मागे पडले.

सौम्य रक्तदाबावरचा सगळ्यात बोलका पुरावा ब्रिटनमधला आहे. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 35 ते 64 वयाच्या 17,354 लोकांवर केलेली चाचणी 1985 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना बेंड्रोफ्लुअझाइड हे लघवी वाढवणारं औषध, काहींना प्रोप्रॅनोलॉल, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. दोन्ही औषधांनी बीपी उतरलं. पक्षाघात मात्र प्रोप्रॅनोलॉलपेक्षा बेंड्रोफ्लुअझाइडने जास्त टळले, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये प्रोप्रॅनोलॉलचा तो फायदा दिसलाच नाही. एकूण मृत्यूंमध्ये औषधवाले आणि बिनऔषधवाले यांच्यात फरक नव्हता.

नंतर 2002 मध्ये लाइफ चाचणी आली. हृदयाचा डावा कप्पा जाड झालेल्या 9,193 रुग्णांमध्ये लोसार्टन आणि अटेनोलॉलची तुलना झाली. दोन्हींकडे बीपी जवळपास सारखंच उतरलं, तरी लोसार्टन घेणाऱ्यांत पक्षाघात साधारण 25 टक्के कमी झाले. 2005 मध्ये 19,257 लोकांच्या अ‍ॅस्कॉट चाचणीत अटेनोलॉलवर, गरज पडल्यास लघवीच्या गोळीची जोड देऊन, उभारलेला उपचार अ‍ॅम्लोडिपिनवर उभारलेल्या उपचारापेक्षा मागे पडला. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. त्याच वर्षी जुन्या चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात इतर औषधांच्या तुलनेत बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 16 टक्के जास्त निघाला. 2006 मध्ये ब्रिटनने बीटा ब्लॉकरना पहिल्या पसंतीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेतही सुरुवातीच्या औषधांत थायाझाइड गट (बेंड्रोफ्लुअझाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या), एसीई इनहिबिटर किंवा लोसार्टनसारखे एआरबी, आणि अ‍ॅम्लोडिपिनसारखे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर आहेत. बीटा ब्लॉकर नाहीत.

पण हे आकडे नीट वाचायला हवेत. "पक्षाघात जास्त" म्हणजे दुसऱ्या औषधाच्या तुलनेत जास्त. काहीच न घेण्यापेक्षा बीटा ब्लॉकरनेही पक्षाघात कमी होतात, फक्त थोडे कमी प्रमाणात. त्यामुळे घाबरून गोळी फेकून द्यायची ही बातमी नाही.

बीपी सारखंच उतरूनही फायदा कमी, हे कसं?

एक पटणारं स्पष्टीकरण महाधमनीत सापडतं. हृदयाने फेकलेली रक्ताची लाट पुढे जाऊन रक्तवाहिन्यांच्या फाट्यांवर आपटते आणि परतते. नाडी मंद असली की हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त वेळ आकुंचित राहतं. परतणारी लाट मग नेमकी त्या आकुंचनातच येऊन भिडते आणि महाधमनीतला दाब वाढवते. अ‍ॅस्कॉटमधल्याच काही रुग्णांवर हे मोजलं गेलं: दंडावरचा वरचा आकडा दोन्ही गटांत जवळजवळ सारखा, पण महाधमनीतला दाब अटेनोलॉलवाल्यांमध्ये सुमारे 4 मिलिमीटरने जास्त. मेंदूला जो दाब सोसावा लागतो तो महाधमनीतला, दंडातला नव्हे. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या कडक होतात आणि लाट लवकर परतते, म्हणून साठीनंतर ही उणीव जास्त जाणवते.

मग युरोपातल्या तज्ज्ञांनी ही औषधं 2023 मध्ये पुन्हा मुख्य यादीत का घेतली?

युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने त्यांना पाच मुख्य गटांत ठेवलं, हे खरं आहे. त्यांचा युक्तिवाद असा की बीपीच्या रुग्णांना पुढेमागे हृदयाचं किंवा आणखी काही दुखणं असतं, जिथे बीटा ब्लॉकर लागतातच. शिवाय विरोधातला बराचसा पुरावा एकट्या अटेनोलॉलचा, तोही दिवसातून एकदा दिलेल्या. दुसरा मुद्दा रास्त आहे. नेबिव्होलॉल किंवा कार्व्हेडिलॉल रक्तवाहिन्या सैलही करतात, त्यांना अटेनोलॉलचं पाप कशाला? पण साध्या बीपीत ही नवी औषधं पक्षाघात अ‍ॅम्लोडिपिनइतके टाळतात असं दाखवणारी मोठी चाचणीही नाही. निर्दोष असण्याची शक्यता म्हणजे गुणकारी असल्याचा पुरावा नव्हे. बीपीखेरीज दुसरं काही दुखणं नसेल तर माझं मत अजून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतल्या त्या तीन गटांच्याच बाजूने आहे.

कुणाला मात्र ही गोळी आधी द्यावी?

बीपीच्या जोडीला दुसरं कारण असेल त्याला. अंजायना, हृदयाचं पंपिंग कमी असणं, एट्रियल फिब्रिलेशनसारखी अनियमित धडधड यांत ही गोळी दोन कामं एकदम करते. पंपिंग कमी असेल तर बायसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांनी आयुष्य वाढतं हे सिद्ध आहे. तिथे सुरुवात अगदी लहान डोसने करतात. वारंवार उठणारी अर्धशिशी, हातांचा, बऱ्याचदा घराण्यात चालत येणारा कंप, थायरॉइड वाढल्यामुळे होणारी धडधड ही आणखी कारणं.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ही गोळी सर्रास कायमची दिली जायची. तिथेही आता फेरविचार चालू आहे. 2024 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, झटक्यानंतरही पंपिंग चांगलं राहिलेल्या रुग्णांना मेटोप्रोलॉल किंवा बायसोप्रोलॉलने मृत्यू किंवा पुन्हा झटका टाळण्यात फायदा दिसला नाही.

मी तिशीत आहे, नाडी कायम नव्वदच्या वर असते, ताण आला की धडधडतं. मला तरी हे योग्य नाही का?

हा प्रश्न सोपा नाही. तरुण वयात बीपी वाढण्यामागे वेगाने चालणारं हृदय आणि चढलेली ताणाची यंत्रणा हे कारण अनेकदा असतं, आणि बीटा ब्लॉकर नेमका तिथेच हात घालतात. वयाने लहान रुग्णांत त्यांची कामगिरी म्हाताऱ्यांपेक्षा बरी दिसते. धडधडीचा त्रास खराच होत असेल तर डॉक्टरांनी हा पर्याय निवडणं गैर नाही. त्याआधी थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, झोप, कॅफीन आणि सर्दीच्या गोळ्या तपासून घ्या. इतक्या लहान वयात बीपी वाढण्यामागे मूत्रपिंडाचं किंवा ग्रंथींचं काही दुखणं नाही ना, हेही पाहायला हवं.

इतकं थोडं बीपी असेल तर गोळी न घेता चालेल का?

काहींना चालेल. वर सांगितलेल्या ब्रिटिश चाचणीचा निष्कर्ष असा होता की सौम्य बीपीच्या 850 लोकांना वर्षभर औषध दिलं तर साधारण एक पक्षाघात टळतो. म्हणजे बाकीच्यांनी त्या वर्षी गोळी घेतली, पण तिचा असा थेट लाभ त्यांना दिसला नाही. वर्षं साठत जातात तसा लाभही साठतो हे खरं. पण वय कमी, मधुमेह नाही, मूत्रपिंड ठीक, धूम्रपान नाही, हृदयाचं दुखणं नाही, अशा माणसाने तीन-चार महिने आधी राहणीत बदल करून पाहिला तर बहुतेक डॉक्टर हरकत घेणार नाहीत. वजन जास्त असेल तर ढोबळमानाने दर किलोमागे वरचा आकडा एकाने उतरतो. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, नियमित चालणं, दारू कमी. या सगळ्याची बेरीज एका गोळीइतकी सहज होते.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आधी झटका असेल तर मात्र ही वाट पाहू नका.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, प्रोप्रॅनोलॉल: नाव वेगळं, गोळी तीच का?

नाही. प्रोप्रॅनोलॉल हृदयातले आणि फुप्फुसातले, दोन्ही प्रकारचे बीटा ग्राहक अडवतं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल आणि नेबिव्होलॉल मुख्यतः हृदयातलेच अडवतात, पण डोस वाढला की ही निवड पुसट होते. अटेनोलॉल मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल तर ते शरीरात साठतं. प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल यकृतात विघटित होतात आणि मेंदूत जास्त शिरतात. विचित्र, ठसठशीत स्वप्नांची तक्रार त्यांच्याबाबत जास्त ऐकू येते. मेटोप्रोलॉलचे टार्ट्रेट आणि सक्सिनेट हे दोन क्षार आहेत. सक्सिनेटची गोळी दिवसभर हळूहळू सुटते, ती चावू किंवा कुटू नये. दुकानात गोळी बदलून मिळाली तर हे नाव आवर्जून वाचा.

मला दमा आहे.

मग ही गोळी बीपीसाठी नकोच, जेव्हा इतके पर्याय हाताशी आहेत. फुप्फुसातले बीटा ग्राहक अडले की श्वासनलिका आवळतात आणि दम्याचा पंपही नीट काम करत नाही. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा ब्लॉकरच आहेत. ते रक्तात उतरतात आणि दमा उसळवू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याबद्दल सांगायचं लोक हमखास विसरतात. धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिकांच्या जुनाट आजारात, हृदयासाठी गरज असेल तर, निवडक बीटा ब्लॉकर देखरेखीखाली चालतात.

मधुमेह असेल किंवा घराण्यात असेल तर?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्शुलिन किंवा साखर खाली नेणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना साखर उतरल्याची सूचना धडधड आणि थरथर यांतून मिळते. बीटा ब्लॉकर तीच दाबतात. घाम मात्र सुटतोच, म्हणून अवचित घाम आला की साखर तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे अटेनोलॉलसारखी जुनी औषधं, विशेषतः थायाझाइडच्या जोडीने, मधुमेह होण्याची शक्यता थोडी वाढवतात आणि वजनही किलोभर चढवतात. वजन जास्त आणि आईवडिलांना मधुमेह असेल तर ही जोडी टाळावी. कार्व्हेडिलॉल आणि नेबिव्होलॉल या बाबतीत बरे.

गोळी सुरू केल्यापासून गळून गेल्यासारखं वाटतं, हातपाय गार पडतात.

दोन्ही ओळखीचे दुष्परिणाम. पहिल्या काही आठवड्यांत थकवा जास्त असतो आणि पुष्कळांचा पुढे कमी होतो. नाही झाला तर सोसत बसू नका. सौम्य बीपीसाठी रोज मरगळलेलं राहणं हा वाईट सौदा आहे. थंडीत बोटं पांढरीनिळी पडण्याचा त्रास आधीपासून असेल तर तो वाढतो. सोरायसिसही चिघळू शकतो.

लैंगिक शक्ती जाते म्हणतात, खरं का?

काहींना त्रास होतो, पण जितकी ख्याती आहे तितका नाही. इटलीत एक डोळे उघडणारा प्रयोग झाला. अटेनोलॉल घेणाऱ्या पुरुषांच्या तीन गटांत, ज्यांना औषधाचं नावच सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी सुमारे 3 टक्क्यांनी ताठरतेची तक्रार केली. नाव माहीत असलेल्यांत सुमारे 16 टक्के, आणि हा दुष्परिणाम होतो असं सांगितलेल्यांत 31 टक्के. (हे वाचून तुम्हीही आता तिसऱ्या गटात आलात, त्याला इलाज नाही.) तक्रार खोटी असते असा याचा अर्थ नव्हे. बीपी आणि रक्तवाहिन्यांचा आजार स्वतःही ताठरता कमी करतो. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. गोळी बदलून बघता येते.

नैराश्य येतं का?

जुन्या काळी तसं मानलं जायचं. चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर नैराश्यात लक्षणीय वाढ दिसली नाही.

नाडी 52 आली. घाबरू का?

चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, दम लागत नाही, तर घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. पन्नासच्या खाली राहू लागली किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी दाखवा.

व्यायाम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: या गोळीवर असताना घड्याळातली ठोक्यांची लक्ष्यं उपयोगाची नाहीत, हृदय तिथवर पोचणारच नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागेल असं चाला.

कोणत्या औषधांबरोबर जपायचं?

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम. ही दोन्ही औषधंही हृदय मंद करतात. बीटा ब्लॉकरबरोबर पडली की ठोके धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात. अ‍ॅम्लोडिपिन त्याच कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटात मोडत असलं तरी त्याची जोडी चालते. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांनी मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी वाढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. कशाची तीव्र अ‍ॅलर्जी असून अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ बाळगत असाल तर तेही सांगा, कारण बीटा ब्लॉकरवर असताना ते इंजेक्शन कमी लागू पडू शकतं.

गरोदरपणात?

लॅबेटॅलॉल हे याच कुटुंबातलं औषध गरोदरपणातल्या बीपीसाठी पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे. अटेनोलॉल मात्र टाळतात, त्याने बाळाची वाढ खुंटू शकते. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच गोळी बदलून घ्या.

ऑपरेशन ठरलंय.

आधीपासून घेत असाल तर चालू ठेवायची असते, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा. तरी भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. आयत्या वेळी मोठ्या डोसने नव्याने सुरू करणं मात्र घातक. 2008 च्या पॉइझ चाचणीत तसं केल्यावर हृदयाचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

दहा वर्षं अटेनोलॉल घेतोय, काहीच त्रास नाही. आता बदलू का?

बीपी ताब्यात असेल आणि तुम्हाला ठीक वाटत असेल तर घाई नाही. पुढच्या भेटीत विचारा: "मला ही गोळी बीपीसाठीच दिली होती की हृदयासाठी?" पुष्कळदा हे कारण जुन्या कागदांतच राहून गेलेलं असतं. हृदयाचं कारण असेल तर विषय मिटला. नसेल आणि वय साठीपुढे असेल, किंवा साखर काठावर आली असेल, तर बदलाबद्दल बोलणं योग्य.

बंद करायची तर कशी?

एकदम कधीच नाही. गोळी चालू असताना शरीर बीटा ग्राहकांची संख्या वाढवून ठेवतं. गोळी अचानक थांबली की ते सगळे एकदम मोकळे होतात: धडधड, बीपीची उसळी, आणि हृदयाच्या धमन्या अरुंद असतील तर अंजायना किंवा झटकाही. अशा धमन्यांची माणसाला स्वतःला कल्पना असेलच असं नाही. म्हणून एक-दोन आठवड्यांत, कधी जास्त दिवसांत, डोस उतरवत नेतात आणि दुसरी गोळी सोबत सुरू करतात. या दिवसांत दगदग कमी ठेवा. छातीत दुखलं तर थेट रुग्णालय. क्लोनिडिन हे बीपीचंच दुसरं औषधही चालू असेल तर आधी बीटा ब्लॉकर उतरवायचा, मग क्लोनिडिन. उलट क्रमाने केल्यास बीपी भयंकर चढतं.

प्रवासाला निघताना गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. ठरवून बंद करणाऱ्यांपेक्षा गोळ्या संपल्यामुळे किंवा सामानाबरोबर हरवल्यामुळे नकळत बंद होणारे कमी नसतात.

एक गोळी विसरली तर?

त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.